त्या वर्षी भिंत पांढरी झाली नाही

कॅलाबेगच्या बंदरात शिरायची वाट एकच, आणि तीही परक्या माणसाला दिसत नाही. दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक दबा धरून बसलेले. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून होडी आत आणायची, तर चर्चच्या घंटेचा मनोरा आणि ओनोराच्या घराची समुद्राकडची बिनखिडकीची भिंत एकामागे एक धरायची. मनोरा भिंतीच्या बरोब्बर डोक्यावर बसला की निर्धास्त यायचं. जरा डावीकडे सरकला की खडक, उजवीकडे सरकला तरी खडकच. म्हणून ती भिंत पांढरीशुभ्र लागायची, धुक्यातही डोळ्यांत भरेल अशी. दरवर्षी जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी टेकडीवर शेकोट्या पेटायच्या आत, त्या घरच्या माणसानं भिंतीला चुन्याचे दोन हात द्यायचे. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याबद्दल कुणी आभार मानत नसे आणि कुणी मानावेत असं त्या घरालाही वाटत नसे.

ओनोरा काही समुद्राकाठची नव्हती. ती डोंगरापलीकडची, मेंढ्यांच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा ओहोटीला समुद्र जातो कुठं, असं तिनं नवऱ्याला विचारलं होतं, आणि गाव ते अजून विसरलेलं नव्हतं. चाळीस वर्षं एका गावात काढा, चुली सारवा, मुलं वाढवा, तरी कॅलाबेगच्या लेखी तुम्ही डोंगरापलीकडचेच. भिंत मात्र तिनं आपली मानली होती. नवरा मॅकडारा असताना तो शिडीवर चढायचा आणि ही खाली बादली धरायची. तो गेल्यावर हीच चढू लागली.

गेल्यावर, असं गाव म्हणत असे. ओनोरा म्हणत नसे. बावीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मॅकडारा एकटाच बांगड्याची जाळी काढायला गेला, तो परत आला नाही. होडीची एक फळी सापडली, माणूस सापडला नाही. प्रेत नाही म्हणून दफन नाही. फादर त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, म्हणतो म्हणाले, तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. जून उजाडला तेव्हा म्हाताऱ्या सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "पोरी, दुःखाच्या वर्षी या भिंतीला चुना लागत नाही. काळवंडू दे तिला. गावाला कळू दे." मग त्या शिडांच्या होड्यांच्या जमान्यातलं काहीबाही सांगत राहिल्या. ओनोराचं लक्ष नव्हतं. "भिंत काळी केली तर तो कशाच्या आधारानं आत येईल?" एवढंच ती म्हणाली, आणि कुंचा घेऊन शिडीवर चढली.

दुसऱ्या दिवसापासून गाव काही झालंच नाही असं वागायला लागलं. होड्या धडधडत तिच्या भिंतीखालून जायच्या. पुरुष एकमेकांना हाका मारायचे, जाळ्यांवरून भांडायचे, शिव्या द्यायचे. मॅकडाराचं नाव कुणी काढलं नाही, ना धक्क्यावर, ना दुकानात, ना चर्चच्या पायरीवर. ओनोरानं मनाशी ठरवून टाकलं की ही माणसं दगडाची आहेत. तो सल तिनं कधी बोलून दाखवला नाही, पण उराशी जपून ठेवला.

त्यातल्या त्यात फेहीन तेवढा रोज तोंड उघडायचा. फेहीन म्हणजे मॅकडाराचा चुलतभाऊ. शेवंडाचे, त्या मोठ्या कवचाच्या कोळंबीचे, पिंजरे टाकणारा, लग्न न केलेला, आणि न मागता मतं देणारा. रोज सकाळी आत येताना भिंतीखाली आला की तो होडीतून बोंब ठोकायचा, "ओनोरा, जिवंत आहेस का गं?" आणि ती दारातून तव्यावर उलथनं बडवून ओरडायची, "तुला पोचवल्याशिवाय नाही मरत!" दिवसातलं तेवढंच बोलणं. मुलगा कोलमन ऑस्ट्रेलियात खाणीवर. नाताळात डेलियाच्या दुकानातल्या फोनवर त्याचा आवाज यायचा, तोही असा की पाण्याखालून बोलतोय.

मग बाविसाव्या वर्षी, वसंतात, सरकारनं धक्क्यावर विजेचे दोन दिवे उभे केले, एक खाली, एक वर. खालचा वरच्याखाली धरला की झालं. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, सगळ्यांनी चहा घेतला. दुकानदारीण डेलिया ओनोराच्या दंडाला धरून म्हणाली, "सुटलीस गं बाई. या वयात आता शिडी चढायला नको." डेलियाच्या मनात काही नव्हतं. तिच्या मनात फारसं काही नसतंच. पण ओनोरा घरी गेली ती ते शब्द घेऊन, आणि रात्रभर तिला ते वेगळेच ऐकू येत राहिले. आता तुझी गरज नाही.

जून आला. चुन्याची पिशवी ओट्यावर तशीच राहिली. ओनोरा मनाशी म्हणाली, नाही करत यंदा. बघू या, कुणाला दिसतं का. कुणी म्हणेल, ओनोरा, भिंत राहिली गं. कुणी म्हणेल, पाठ दुखतेय का, शिडी धरू का. एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर तिनं त्याच दिवशी कुंचा उचलला असता. वय झालेल्या बाईनं असला रुसवा धरावा का? धरू नये. पण तिच्या रुसव्याला विचारणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून तो वाढत गेला.

टेकडीवर शेकोट्या पेटल्या. मागच्या हिवाळ्यातल्या वादळांनी भिंत आधीच करडी झाली होती, ओलीचे हिरवे ओघळ उतरले होते. कुणी काही बोललं नाही.

बोलणं तर सोडाच, होतं तेही गेलं. फेहीनची हाक बंद झाली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, घसा बसला असेल. दुसऱ्या दिवशी ती उलथनं हातात घेऊन दाराआड उभी राहिली. होडी कधी आली, कधी गेली, तिला कळलंही नाही. मग लक्षात आलं की बाकीच्या होड्याही ऐकू येत नाहीत. इंजिनांची ती धडधड, जिच्यावर ती इतकी वर्षं पाव भट्टीत घालायची वेळ ठरवायची, ती थांबलीच होती. कान गेले की काय म्हणून तिनं टेबलावर चमचा आपटून पाहिला. कान ठणठणीत होते. म्हणजे दिव्यांच्या आधारानं लोक आता दूरच्या बाजूनं येत असणार, आपल्या भिंतीला वळसा घालून. असं तिनं स्वतःला समजावलं आणि समुद्राकडचं दार उघडायचंच बंद केलं.

अधूनमधून कुंपणाच्या भिंतीवर केळीच्या पानात बांधावेत तसे गवतात गुंडाळलेले बांगडे सापडायचे, कधी एखादं शेवंड. पूर्वी फेहीन मासे आणायचा तेव्हा दारावर लाथ मारून आणायचा, आणि ते शिजवायचे कसे हेही शिकवून जायचा. आता चोरासारखा ठेवून जातो. तोंडसुद्धा दाखवावंसं वाटत नाही त्याला, ती म्हणाली, आणि त्यातले दोन बांगडे रागानं मांजराला घातले.

डेलियाच्या दुकानात शिरलं की आतली कलकल एकदम थांबायची. डेलिया, जी पावसाबद्दल एक तास बोलू शकते, ती मान खाली घालून साखर बांधून द्यायची. एकदा तर चहाची पुडी तिच्या हातात देताना डेलियानं तिचा हात दाबला आणि घाईनं आत निघून गेली. ओनोराला वाटलं, कीव करतायत. म्हातारी, डोंगरापलीकडची, निकामी भिंतीची मालकीण. माणूस नकोसा झाला की गाव त्याला हाकलून देत नाही, नुसतं त्याच्याशी बोलणं थांबवतं, हे तिला आता उमजलं होतं. निदान उमजलंय असं तिला वाटलं. त्या दिवसांत ती इतकी एकटी पडली की संध्याकाळी चुलीत पीटची, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, लादी सरकवताना तिच्याशीच बोलायची. जप, भाजशील, म्हणायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या वादळानंतर तिनं निर्णय घेतला. गॉलवे शहरातली भाची कधीची बोलावत होती. मागची खोली रिकामी होती, बस दारात थांबत होती. ओनोरा डोक्याला रुमाल बांधून डेलियाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "फोन करायचाय."

दुकानात तेव्हा तिघं-चौघं होते. डेलियानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. काही न बोलता ती सगळी माणसं पिशव्या तिथंच टाकून बाहेर गेली. शेवटी डेलियाही गेली, आणि जाताना दार ओढून घेतलं. बाहेर पाऊस कोसळत होता. काचेतून ओनोराला दिसत होतं, सगळे पाठ करून भिजत उभे होते. माझ्याबरोबर एका छपराखालीही उभं राहवत नाही यांना.  फोन लागल्यावर ती भाचीला एवढंच म्हणू शकली, "येत्या रविवारी ने मला."

शनिवारी संध्याकाळी ती पेटीत कपडे भरत होती, तेव्हा दारावर टकटक झाली. कॅलाबेगमध्ये टकटक करून कुणी येत नाही. तिनं दार उघडलं तर फेहीन. अंगात चर्चला जायचा कोट, दाढी केलेली, तीही घाईत, हनुवटीला कापलेलं. टोपी हातात.

"बस," ती म्हणाली.

"बसत नाही. तू चाललीस म्हणे."

"डेलिया पाठ करून ऐकत होती वाटतं."

"कायमची?"

"इथं अडवतंय कोण मला?"

फेहीननं टोपी दोनदा फिरवली. "अडवायचा हक्क नाही आम्हाला. अशा दुःखात माणसाला बरं वाटेल तिथं त्यानं जावं. पण ओनोरा, जायच्या आधी एकदा बोलून टाक. सगळा उन्हाळा गाव तोंडाला कुलूप लावून बसलंय. आपण विचारायचं नसतं, पण विचारतो. कोलमनला झालं तरी काय?"

ओनोराच्या हातातली शाल खाली पडली. "कोलमनला काय झालं? काय कळलंय तुला? बोल."

"मला काय कळणार? तूच सांगितलंस."

"मी?"

"भिंतीनं सांगितलंस." तो गडबडला. "मे महिन्यात ऑस्ट्रेलियाचा लिफाफा आला तुला, पोस्टमन म्हणाला. आणि जूनमध्ये तू भिंत पांढरी केली नाहीस. मॅकडाराच्या वर्षीसुद्धा तू ती सोडली नव्हतीस. मग आम्ही म्हटलं, त्याहून मोठं काय असेल या बाईला? पोरगाच."

"त्या लिफाफ्यात त्याच्या कुत्र्याचा फोटो होता," ओनोरा म्हणाली.

फेहीन बसला. सांगितल्याशिवाय बसला, आणि तेही तिच्या उघड्या पेटीवर. "कुत्र्याचा," तो म्हणाला.  मग त्याचा चेहरा लाल होत गेला. "अगं बये, सगळा उन्हाळा मी त्या खडकाशी इंजिन बंद करतोय आणि या दुखऱ्या खांद्यानं वल्ही मारत आत येतोय. या खांद्यानं! सगळ्या होड्या. कालची पोरंसुद्धा. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, शिटीही मारायची नाही. डेलियानं रोज एक मेणबत्ती लावली त्याच्या नावानं. आणि तो कुत्रा पाळून बसलाय?"

"कशासाठी पण वल्ही?"

"कशासाठी म्हणजे? दुःखाच्या घराखालून जाताना शीड उतरवायचं असतं. आता शिडं राहिली नाहीत, म्हणून इंजिन. आणि घरानं स्वतः नाव घेईपर्यंत आपण घ्यायचं नाही. एवढंही ठाऊक नाही? चाळीस वर्षं राहिलीस तरी डोंगरापलीकडचीच तू."

ओनोरा शाल उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. सगळा उन्हाळा तिच्या डोळ्यांपुढून गेला. ते बांगडे, दाबलेला हात, पावसातल्या त्या पाठी. गावानं तिला टाकलं नव्हतं. उलट या सबंध उन्हाळ्यात गाव तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा विचार करत नव्हतं. तिला एवढी लाज वाटली की हसू फुटलं, आणि हसता हसता ती थांबली. लिफाफा मेमधला होता. मेनंतर काय?

"चल," ती म्हणाली. "आधी फोन."

डेलियानं बंद दुकान उघडलं. तिकडे पहाट असावी. खूप वेळ घंटा वाजत राहिली, आणि मग पाण्याखालून झोपाळलेला आवाज आला. "हॅलो? आई? कोण गेलं?"

"कुणी नाही," ओनोरा म्हणाली. "जिवंत आहेस का, ते बघत होते."

"आहे की."

"मग फोन करत जा, गाढवा." आणि तिनं फोन ठेवला. डेलिया पदरासारख्या त्या लांब ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली, मग मेणबत्त्यांचं सांगून हसली. मग बातमी घेऊन घरोघरी पळाली, आणि दुकान तसंच उघडं राहिलं.

परतताना फेहीन बरोबर आला. अजून थोडा उजेड होता. भिंतीखाली आल्यावर दोघं थांबले. करड्या भिंतीवरचे ओघळ आता जवळून दिसत होते.

"उद्या चार जण घेऊन येतो," फेहीन म्हणाला. "पाऊस थांबला तर दुपारपर्यंत पांढरी करून टाकू."

 ओनोराच्या डोक्यात वेगळंच फिरत होतं. "फेहीन, ज्या वर्षी मॅकडारा... त्या वर्षी तुम्ही इंजिनं बंद केली नाहीत."

"नाही."

"उलट किती गोंगाट. भांडणं, शिव्या. मला वाटायचं, ही माणसं नाहीतच."

फेहीननं टोपी घातली, पुन्हा काढली. "फेब्रुवारीपासून आम्ही वाट बघत होतो. तू कधी म्हणतेस की तो गेला. तू फादरांना परत पाठवलंस. मग जूनमध्ये सगळे धक्क्यावर उभे होतो आणि तू शिडीवर चढलीस. तेव्हा माझा बाप म्हणाला, चला, ओरडा, इंजिनं चालू ठेवा. बाईनं सांगितलंय, तो यायचाय. जो यायचाय त्याच्यासाठी रडायचं नसतं. मी म्हटलं, बाबा, जमणार नाही. तो म्हणाला, जमव. म्हणून मी रोज तुझ्या भिंतीखाली येऊन ओरडायचो. ओरडायचं आणि धक्क्यामागं जाऊन बसायचं. पहिलं वर्षभर तर रोज."

"आणि नंतर?"

"नंतर सवय झाली. पण तू दरवर्षी चुना काढायचीस, म्हणजे तो दरवर्षी यायचाच होता."

खाली पाणी खडकांवरून मागं सरकत होतं. ओहोटी लागली होती. बावीस वर्षं आपण एकट्यानं रडलो, असं ओनोराला वाटत आलं होतं. अख्खं गाव रडायला तयार उभं होतं, आणि दरवर्षी ते कुंच्यानं परत पाठवणारी तीच होती. तिनं भिंतीला हात लावला. दगड गार आणि ओला होता.

"उद्या चौघांना आणू नकोस," ती म्हणाली.

"म्हणजे तू चाललीसच?"

"भाचीला सांगेन, जेवून जा म्हणून. कुठं जात नाहीये मी. पण भिंत राहू दे अशीच. पुढच्या सेंट जॉनपर्यंत."

"पोरगा तर धडधाकट आहे तुझा."

"पोरासाठी नाही."

 फेहीननं समजून मान हलवली आणि तो धक्क्याकडे उतरून गेला.

रविवारी पाऊस थांबला, सोमवारी समुद्र निवळला आणि होड्या पिंजरे बघायला गेल्या. ओनोरानं समुद्राकडचं दार उघडलं. कितीतरी आठवड्यांनी उघडलं, बिजागऱ्या किरकिरल्या. हातात उलथनं नव्हतं. पहिली होडी फेहीनचीच होती. खडकाशी आली तशी तिची धडधड थांबली. मग वल्ह्यांचा आवाज, संथ, दुखऱ्या खांद्याचा. मागच्या दोन होड्यांचीही इंजिनं थांबली. भिंतीच्या बरोबर खाली आल्यावर फेहीननं वल्ही पाण्याबाहेर काढली, टोपी उतरवली आणि तो थांबला. घरानं आधी नाव घ्यायचं असतं.

"मॅकडारा गेला, फेहीन," ओनोरा म्हणाली.

"गेला गं," तो खालून म्हणाला.